सूर नावाच्या गावात

मस्कतची बस रात्री साडेनऊला आली.
काळी ट्रंक छातीशी धरून तू उतरलास
आणि विचारलंस, "घर कुठंय?"
सतरा वर्षं तू यायचास ते घर दारात उभं असायचं.
आज मी पुढं, किल्ली वाजवत,
तू मागं.

गावाचं नाव सूर.
अकरा वर्षांपूर्वी पहिल्याच पत्रात कळवलं होतं तुला,
इथं गाणारं कुणी नाही, नुसतं नाव आहे.
गलबतं बांधणारे म्हातारे, खाडीवरचा पूल,
आणि भाजून काढलेले डोंगर.
सकाळी खिडकीशी उभा राहून तू म्हणालास,
"हे तर आपलं जतच की. समुद्र तेवढा कुणीतरी आणून टाकलाय."
त्या एका वाक्यावर मी आठवडा काढला.
दुसरं आलंच नाही.

कार्डावर माझ्या नावाखाली तुझं नाव.
बकाल्यातला कोया तुला "सिस्टरचा नवरा" म्हणतो.
हवालदार बसवंत अशी हाक गेली की
पलटणीत टाचा जुळायच्या म्हणे.
आता तू खुबूस घेतोस, सुटे मोजतोस
उजव्या हाताच्या तीन बोटांनी,
आणि नाणं पडलं
तर कुणी वाकायच्या आत वाकतोस.

भांडण एसीवरून झालं.
मे महिना. रात्रीसुद्धा अंगाला चिकटणारी वाफ.
बारा तासांची ड्यूटी करून मी पडले
आणि घामात भिजून उठले.
एसी बंद, रिमोट तुझ्या उशाखाली,
तू दाराला पाठ लावून फरशीवर.
अंगात स्वेटर.
मी बोलले. बरंच बोलले.
भाडं कोण भरतं तेही बोलले.

तू ऐकून घेतलंस, ड्यूटीवर ऐकतात तसं.

शुक्रवारी मासळीबाजारात कळलं.
एका बंगाली पोरानं सुरमईवर फावड्यानं बर्फ ओतला
आणि तू थांबलास.
मग त्याच्या हातातलं फावडं काढून बाजूला ठेवलंस
आणि हातांनीच बर्फ सारू लागलास,
हलके हलके,
खाली कुणी श्वास घेत असेल तर त्याला लागू नये असा.
पोरगा हसला. मग हसायचा थांबला.
डोक्याला मसर बांधलेल्या एका म्हाताऱ्यानं
काठी आडवी धरून गर्दी मागं सारली
आणि तुझं होईपर्यंत पाठमोरा उभा राहिला.

घरी येताना पुलावर तू एक नाव सांगितलंस.
बिराप्पा.
एवढंच.
मी पुढं विचारलं नाही.
वाळलेली पट्टी ओढून काढत नाहीत,
आधी भिजवतात.

त्या रात्री गादी गच्चीवर नेली.
ऐजाच्या दीपगृहाचा उजेड येत होता, जात होता.
मी चादर झटकली, पलीकडचं टोक तू धरलंस.
मी कोपरा दुमडला, इस्पितळातला, तिरका, घट्ट.
मान वर केली तर तूही
तस्साच दुमडत होतास, पलटणीतला,
तीन बोटांनी, एक चुणी न ठेवता.
अकरा वर्षं, मी या वाळूत, तू त्या बर्फात,
एकच अंथरूण घालत होतो आपण.

मला हसू आलं. तुला नाही आलं.
"डावा कोपरा ढिला आहे तुझा," म्हणालास
आणि वळसा घालून येऊन नीट केलास.

सूर लागला असं नाही म्हणणार मी.
तंबोऱ्याची खुंटी पिळताना
आधी नुसती कुरकुरते ना,
तेवढंच.

पहाटे जाग आली तर शेजारी तू नव्हतास.
खाली आले. खोलीत एसी चालू,
सव्वीसवर.
आणि तू बाहेर जिन्यात, स्वेटर घालून,
दोन कप चहा घेऊन बसलेला,
एकावर बशी झाकून.